ज्यूसच आहे हो, आई!

मिमोसा हा शब्द मला पहिल्यांदा भेटला तो शाळेच्या बागेत. आमच्या विज्ञानाच्या बाईंनी झाडांना पत्र्याच्या पाट्या लावल्या होत्या. लाजाळूच्या वाफ्यात ‘मिमोसा पुडिका’ अशी पाटी होती. मुलं येता-जाता लाजाळूला बोटं लावायची, पानं मिटली की खिदळायची, आणि पाटीकडे कुणी ढुंकूनही पाहत नसे. त्यानंतर कितीतरी वर्षांनी तोच शब्द न्यू जर्सीत सुनेच्या तोंडून ऐकला. “आई, रविवारी मैत्रिणींना ब्रंचला बोलावलंय. मिमोसा करणार आहे, तुम्हाला चालेल ना?” माझ्या डोळ्यांसमोर आपली मिटलेली हिरवी पानं!

मग कळलं की ही प्यायची वस्तू आहे. शॅम्पेन आणि संत्र्याचा रस, निम्मा-निम्मा, उंच निमुळत्या ग्लासात. झालं, एवढंच. पण जिचं सगळं आयुष्य मराठी आणि इतिहास शिकवण्यात गेलं, तिला एखादं नाव ऐकलं की त्याचं मूळ गाव शोधल्याशिवाय चैन पडत नाही. तेव्हापासून जमेल तसं वाचत गेले. ते इथे लिहून ठेवते आहे. आमच्या नातेवाईक मंडळींपैकी काहींना हा विषय रुचणार नाही हे मला ठाऊक आहे. त्यांनी निदान शेवटपर्यंत वाचावं, मग रागवावं.

आधी नावाचं बघू. लाजाळूला मिमोसा हे नाव लिनियसच्या १७५३ सालच्या ग्रंथातलं. सोंग आणणारा, नक्कल करणारा नट, या अर्थाचा जो ग्रीक-लॅटिन शब्द आहे त्यावरून ते आलं. झाड असून प्राण्यासारखं अंग चोरून घेण्याची नक्कल करतं म्हणून. गंमत म्हणजे त्याच ग्रंथात आपल्या बाभळीचं नावही ‘मिमोसा निलोटिका’ असंच आहे. पुढे शास्त्रज्ञांनी बाभळीला त्या घरातून वेगळं काढलं, पण माळ्यांच्या आणि फुलं विकणाऱ्यांच्या तोंडी मिमोसा हे नाव राहिलं ते बाभळीच्याच एका चुलत बहिणीला. ही बहीण ऑस्ट्रेलियातली. एकोणिसाव्या शतकात हौशी श्रीमंतांनी ती फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर आणून लावली आणि ती तिथे अशी रुजली की आता ती तिथलीच वाटते. ऐन थंडीत, जानेवारी-फेब्रुवारीत, झाड पिवळ्याधमक गोंड्यांनी भरून जातं. ग्लासातल्या पेयाचा रंग आणि वरचा फेस या फुलांसारखा दिसतो, म्हणून ते मिमोसा.

म्हणजे आपल्या हिशेबानं या पेयाचं नाव ‘लाजाळू’ नव्हे, ‘बाभूळफूल’ व्हायला हवं. बाभळीचे पिवळे गोंडे लहानपणी कानात घालून मिरवलेल्या माझ्या वयाच्या बायकांना रंग सांगायची गरज नाही.

या फुलाची आणखी एक गोष्ट मला फार आवडली. इटलीत ८ मार्चला, महिला दिनाला, बायकांना मिमोसाची डहाळी देतात. ही प्रथा १९४६ सालची. युद्ध नुकतंच संपलेलं, देश भुकेला. महिला दिनाची खूण म्हणून कोणतं फूल घ्यावं असा प्रश्न तिथल्या महिला संघटनेपुढे आला. फॅसिस्टांविरुद्ध लढलेल्या तेरेसा मात्तेई आणि तिच्या सहकारी बायकांनी मिमोसा सुचवला. कारण काय, तर तो मार्चमध्ये फुललेला असतो, रानात कुठेही मिळतो आणि गरिबातल्या गरीब बाईला परवडतो. तेच नाव पॅरिसच्या सगळ्यात महागड्या हॉटेलातल्या ग्लासालाही आहे. नावांचंही नशीब असतं.

आता त्या हॉटेलाकडे वळू. मिमोसाचा जनक म्हणून पॅरिसच्या रिट्झ हॉटेलातल्या फ्रँक मेयर या बारवाल्याचं नाव सगळीकडे छापलेलं असतं, साल १९२५. मेयर हा मूळचा ऑस्ट्रियाचा, त्या काळातला फार नावाजलेला माणूस. त्यानं १९३६ साली पेयांच्या कृतींचं एक पुस्तक छापलं. आपण स्वतः शोधून काढलेल्या कृतींपुढे त्यानं त्यात एक खास खूण केली आहे. मिमोसाची कृती पुस्तकात आहे, तिला ‘शॅम्पेन ऑरेंज’ असं दुसरं साधं नावही दिलं आहे, पण पुढे ती खूण नाही! आता बोला. जो स्वतः म्हणत नाही की हे माझं, त्याच्या गळ्यात लोक माळ घालत बसले आहेत. इतिहासाच्या तासाला मी मुलांना नेहमी सांगायची, पाठ्यपुस्तकावर विश्वास ठेवा पण मूळ कागद मिळाला तर तो आधी बघा.

त्याच्याही आधीचा एक दाखला लंडनचा आहे. तिथे बक्स क्लब नावाचा पुरुषांचा क्लब आहे. पहिल्या महायुद्धातून परत आलेल्या कॅप्टन हर्बर्ट बकमास्टरनं १९१९ साली काढलेला. तिथल्या मॅकगॅरी नावाच्या बारमननं १९२१ साली ‘बक्स फिझ’ तयार केलं. त्यातही शॅम्पेन आणि संत्र्याचा रसच, फक्त शॅम्पेन दुप्पट. असं सांगतात की सभासदांना सकाळी लवकर प्यायला सुरुवात करायची होती आणि त्यासाठी काहीतरी सभ्य निमित्त हवं होतं. रस घातला की झालं!

माझ्या मते या पेयाची सगळी गोम या ‘निमित्ता’त आहे. त्याचा शोध चवीसाठी लागला असेल-नसेल, ते टिकलं मात्र सोयीसाठी. संत्र्याच्या रसानं दारूला सोवळं नेसवलं. ते सोवळं आलं कुठून, हे बघण्यासारखं आहे.

त्याआधी शॅम्पेनबद्दल थोडं, कारण त्यात एक विधवा आहे.

फसफसणारी द्राक्षाची वाइन दोम पेरिन्यों नावाच्या साधूनं शोधली ही कथा खोटी आहे. उलट बाटलीत फेस होऊ नये म्हणूनच त्याच्या काळचे लोक धडपडत असत. साखर घालून वाइन फसफसवण्याची लंडनकरांची पद्धत ख्रिस्तोफर मेरेट या इंग्रजानं १६६२ सालीच कागदावर मांडली होती. खरी अडचण वेगळीच होती. बंद बाटलीत वाइन दुसऱ्यांदा आंबते, तिच्यात वायू कोंडतो आणि मेलेल्या किण्वाचा गाळ तळाशी बसतो. वाइन गढूळ दिसते, आणि गाळ काढायला बूच उघडावं तर वायू निघून जातो. या कोड्याचं उत्तर शॅम्पेन प्रांतातल्या रॅंस शहरातल्या बार्ब-निकोल क्लिको या बाईच्या तळघरात सापडलं.

ही बाई १७७७ सालची. नवरा १८०५ मध्ये गेला तेव्हा तिचं वय २७, पदरात एक लहान मुलगी. त्या वेळच्या फ्रान्समध्ये लग्न झालेल्या बाईला नवऱ्याच्या संमतीशिवाय व्यवहार करता येत नसे, पण विधवेला स्वतःच्या नावानं धंदा करता येई. तिनं सासऱ्याकडून भांडवल मागून घेतलं आणि धंदा चालवला. १८१६ च्या सुमाराला तिच्या तळघरात ती युक्ती निघाली. फळीला भोकं पाडायची, त्यांत बाटल्या तोंड खाली करून तिरक्या खोचायच्या आणि रोज थोड्या थोड्या फिरवत राहायचं. गाळ घसरत बुचापाशी जमतो, मग बूच क्षणभर काढलं की तेवढाच उडून जातो. पहिली फळी म्हणजे तिच्या स्वयंपाकघरातलं टेबल होतं असंही सांगतात. नेपोलियनची लढाई थांबते आहे असं दिसताच १८१४ मध्ये तिनं इतरांच्या आधी रशियाला माल रवाना केला. तिच्या कंपनीच्या नावातला ‘वव्ह’ हा शब्द म्हणजे फ्रेंचमध्ये ‘विधवा’. बाटलीवर आजही छापलेला असतो.

१८०५ साली आपल्याकडे दुसरा बाजीराव गादीवर होता. पुण्यातल्या २७ वर्षांच्या विधवेच्या वाट्याला तेव्हा काय येत होतं ते सांगायला नको. तुलना करून फार काही हाती लागत नाही, पण वाचताना मन तिकडे जातंच.

असो. बाटलीतला दाब सहा वातावरणांइतका, म्हणजे मोटारीच्या चाकातल्या हवेच्या दुपटीहून जास्त. म्हणून काच जाड, बूच फुगीर आणि वर तारेची जाळी. ती जाळी १८४४ पासूनची. शॅम्पेन हे नाव त्याच प्रांतातल्या वाइनला लावता येतं. बाकी जगानं फसफसती वाइन म्हणायचं, इटालियन असेल तर प्रोसेको वगैरे. आपल्या जुन्नर तालुक्यात नारायणगावला १९८० च्या दशकात शामराव चौगुल्यांनी फ्रान्समधल्या एका शॅम्पेन घराण्याच्या तांत्रिक मदतीनं अशी वाइन तयार केली आणि ‘ओमर खय्याम’ नावानं ती परदेशात विकली. ती कंपनी आता राहिली नाही. पण नारायणगाव म्हटलं की तमाशाच्या राहुट्या एवढंच ज्यांना आठवतं त्यांच्यासाठी ही नोंद.

आता संत्रं. इथे मराठीच्या शिक्षिकेला थोडं मिरवू द्या. इंग्रजी ‘ऑरेंज’ हा शब्द आपल्याकडूनच गेलेला. संस्कृतात ‘नारंग’ (तोही मुळात द्राविडी असावा असं अभ्यासक मानतात), तिथून फारसी, अरबी, मग स्पॅनिश ‘नारांहा’, आणि फ्रान्सला पोचेपर्यंत पुढचा ‘न’ गळून पडला. आपलं नारिंग तेच. पण मिमोसात जे फळ पडतं ते आपलं नागपुरी संत्रं नव्हे. नागपुरी संत्रं सैल सालीचं, ते वेगळ्या जातीचं. अमेरिकेत ज्याचा रस काढतात त्या ‘ऑरेंज’चं सख्खं भावंड म्हणजे आपली मोसंबी. तिच्या नावात मोझांबिक आहे. जालन्याच्या मोसंबीला भौगोलिक मानांकन मिळालं आहे, तेही ‘स्वीट ऑरेंज’ याच नावानं.

शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी अमेरिकेत माणसं संत्रं सोलून खात असत. सकाळी ग्लासभर रस पिण्याची पद्धत घरोघर नव्हती. कॅलिफोर्नियात बागा भरमसाट वाढल्या, फळ खपेना. तेव्हा बागायतदारांच्या सहकारी संघानं, म्हणजे ‘सनकिस्ट’वाल्यांनी, १९१६ साली जाहिरात सुरू केली, की संत्रं खाऊ नका, प्या! यामागचं गणित सोपं आहे. खाताना माणूस एक फळ खातो, ग्लास भरायला दोन-तीन लागतात. रस काढायची काचेची भांडीही त्यांनी स्वस्तात विकली. पुढे जीवनसत्त्वांचा शोध लागला आणि रसाला औषधाची प्रतिष्ठा मिळाली. दुसऱ्या महायुद्धात सैन्यासाठी रस टिकवण्याचे प्रयोग झाले, त्यातून फ्लोरिडातल्या शास्त्रज्ञांनी गोठवलेला दाट रस तयार केला, त्याचं पेटंट १९४८ चं. मग काय, डबा फोडला, पाणी घातलं, रस तयार. आई मुलांना शाळेत पाठवताना जो ग्लास पुढे करते तो हा. आरोग्य, सकाळ, आई, ऊन या सगळ्यांचा वास त्याला चिकटला.

एकदा हे झालं, की त्या ग्लासात निम्मं काहीही ओता. तो सकाळचाच ग्लास राहतो!

तिसरा घटक ब्रंच. हा शब्द १८९५ सालचा. गाय बेरिंजर नावाच्या इंग्रज लेखकानं एका शिकारीच्या साप्ताहिकात लेख लिहून मागणी केली, की शनिवारी रात्री उशिरापर्यंत मजा केलेल्या माणसाला रविवारी पहाटे उठवून न्याहारी आणि चर्चनंतर जड जेवण हा छळ बंद करा, दोन्ही मिळून उशिरा एकच खाणं ठेवा. न्याहारी आणि जेवण, म्हणजे आपल्या भाषेत ‘न्याजेवण’. (हा शब्द माझ्या धाकट्या दिरांचा. प्रमाण मराठीत घेऊ नये.)

हे वाचताना मला नारायण मेघाजी लोखंडे आठवले. मुंबईच्या गिरण्यांत आठवड्याची सुट्टी नव्हती. लोखंड्यांनी कामगारांच्या सभा घेतल्या, अर्ज केले, वर्षानुवर्षं झगडा केला आणि १८९० साली गिरणी कामगाराला रविवार मिळाला. बेरिंजरसाहेब रविवारी किती वाजता उठावं यावर लिहीत होते, त्याच्या फक्त पाच वर्षं आधी आपल्याकडे मुळात रविवार मिळवण्याची लढाई चालली होती. त्या रविवारी परळ-लालबागच्या बाईला काय मिळालं असेल? कपड्यांचा ढीग, घरात नवरा, आणि त्याच्या हातात पगाराच्या आठवड्याला बाटली. लोखंड्यांना याचीही चिंता होती. गिरणगावातलं दारूचं व्यसन ही कामगार पुढाऱ्यांच्या कपाळावरची कायमची आठी होती.

अमेरिकेत ब्रंच रुजलं ते मात्र घरच्या बाईला रविवारी चूल पेटवायला लागू नये म्हणूनही. नोकरी करणाऱ्या बायका वाढल्या, चर्चला जाणारे कमी झाले, आणि रविवारी सकाळी उशिरा बाहेर जाऊन खाणं ही मध्यमवर्गाची चैन झाली. तिच्या हातात शोभेल असं पेय हवं होतं. सकाळी अकराला व्हिस्की घेणारी बाई बदनाम, पण मिमोसा घेणारी बाई ‘आज मदर्स डे आहे’. इंग्लंडच्या राणीलाही ते आवडत असे आणि ते तिला माउंटबॅटननं शिकवलं, अशी एक गोष्ट फिरते. खरी-खोटी देव जाणे. निम्मं-निम्मं करायची त्यांची हातोटी आपल्याला मात्र माहीत आहे.

कायद्यानंही पुढे या ग्लासापुढे मान तुकवली. अमेरिकेत बऱ्याच ठिकाणी रविवारी सकाळी दारू देण्याला बंदी असे, कारण ती प्रार्थनेची वेळ. न्यूयॉर्क राज्यात हॉटेलांना रविवारी दुपारी बारापर्यंत थांबावं लागे. २०१६ मध्ये कायदा बदलून ती वेळ सकाळी दहावर आणली. पुढच्या वर्षी नॉर्थ कॅरोलायनानं तसंच केलं, आणि लोक त्या कायद्याला सरळ ‘ब्रंच बिल’च म्हणाले. व्हिस्कीसाठी कुणी प्रार्थनेची वेळ मोडली नसती.

आता सुनेकडच्या त्या रविवारचं. पोहे, साबुदाण्याचे वडे, कुणीतरी आणलेला अंड्यांचा पाय, कापलेली फळं, आणि टेबलाच्या टोकाला बर्फाच्या भांड्यात बाटल्या. सहा-सात मैत्रिणी, दोघींच्या सासवा आणि मी. पुरुष मुलांना घेऊन मागच्या अंगणात. सुनेनं बाटलीचं बूच फट्कन उडवलं नाही. तारेची जाळी सैल केली, फडक्यानं बूच घट्ट धरलं आणि बाटली फिरवली. हलकासा ‘फुस्स’ आवाज, बस. मला ते आवडलं. तिनं माझ्यासाठी नुसता रस काढून ठेवला होता. पण एक ग्लास पुढे करून म्हणाली, “चव बघणार? ज्यूसच आहे हो, आई.” शेजारच्या सासूबाई, कोल्हापूरकडच्या, चांगल्या पंचाहत्तरीच्या, म्हणाल्या, “घ्या की वो. ज्यूसच हाय.” त्यांचा दुसरा चालू होता.

मी एक घोट घेतला. आंबटगोड, जिभेला टोचणारा, मागे किंचित कडवट. वाईट नाही. पण ‘ज्यूसच’ नाही. वाइनमध्ये बारा टक्क्यांच्या आसपास मद्यार्क, निम्मं केलं की सहा. बिअरच्या जवळपास, थोडं वरच. मी त्या दोघींना तसं सांगितलं. सून हसली. म्हणाली, “आई, तुम्ही द्राक्षासव घेता ना?”

तिला उत्तर देता आलं नाही असं नाही, पण मुद्दा बिनतोड होता. आमच्या लहानपणी फडताळात द्राक्षासवाची बाटली असायचीच. बाळंतिणीला, अशक्त माणसाला, भूक लागत नाही म्हणणाऱ्या आजीला, जेवणानंतर दोन चमचे पाण्यातून. द्राक्षं, गूळ, धायटीची फुलं, आणि महिनाभर आंबवणं. त्यात तयार होणारा मद्यार्क बहुधा पाच ते दहा टक्के. बाटलीवर तसं लिहिलेलंही असतं, ‘स्वयंनिर्मित’ म्हणून. माझी आजी एकादशी न चुकवणारी, तिला कुणी ‘दारू’ म्हटलं असतं तर तिनं घराबाहेर काढलं असतं.

आणि हे सगळं दारूबंदीच्या काळात बरं का. मुंबई राज्याचा दारूबंदी कायदा १९४९ चा. त्याविरुद्ध बालसारा नावाचे गृहस्थ सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. १९५१ मध्ये न्यायालयानं कायदा बराचसा कायम ठेवला, पण मद्यार्क असलेली औषधं आणि प्रसाधनं यांच्यावरची बंदी चालणार नाही असं सांगितलं. म्हणजे औषधाचं सोवळं न्यायालयानंही मानलं. ज्यांना साधी दारू हवी त्यांनी ‘प्रकृतीसाठी आवश्यक’ असा परवाना काढायचा. गावोगावच्या ‘परमिट रूम’ या पाटीतलं परमिट म्हणजे तेच. डॉक्टरच्या ओळखीचा माणूस प्रकृतीनं अशक्त ठरायचा, आणि हातभट्टीवाला गुन्हेगार.

माझ्या मनात सलतं ते हे. सोवळं कुणाला मिळतं? आमच्याकडे कामाला येणाऱ्या बाईंच्या माहेरच्या गावात काही वर्षांपूर्वी ‘आडवी बाटली’ झाली. बाहेरच्या वाचकांसाठी सांगते. महाराष्ट्रात गावातल्या बायकांनी मागणी केली तर दारूचं दुकान ठेवायचं की बंद करायचं यावर गुप्त मतदान घेता येतं. मतपत्रिकेवर दोन चित्रं असतात, उभी बाटली म्हणजे दुकान राहू दे, आडवी बाटली म्हणजे बंद करा. हजर असलेल्यांतलं बहुमत पुरत नाही, यादीतल्या निम्म्याहून जास्त मतदारांनी बाटली आडवी करावी लागते. आमच्या बाई मजुरी बुडवून, एसटीनं दोन तास जाऊन सभेत बोलून आल्या. मत त्यांना नव्हतं, नाव सासरच्या यादीत. पण ज्यांना होतं त्यांना त्या घरोघर जाऊन काढत होत्या. नवऱ्याच्या पिण्यापायी त्यांनी स्वतःचं काय काय विकलं ते मला माहीत आहे. गडचिरोलीत १९९३ मध्ये जिल्हाभर दारूबंदी झाली तीही लोकांच्या, त्यातही बायकांच्या रेट्यानं. चंद्रपूरची २०१५ मध्ये झाली आणि २०२१ मध्ये सरकारनं उठवली.

न्यू जर्सीहून परत आल्यावर मी त्यांना फोटो दाखवले. त्यांनी ग्लास ओळखले नाहीत, म्हणाल्या सरबत छान दिसतंय. मी काय आहे ते सांगितलं. त्या जरा वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, “बायकाच पित्यात? आन् गडी पोरं सांभाळत्यात?” मी हो म्हटलं. “मारत न्हाईत?” नाही म्हटलं. “मग पिऊ द्या की.”

यावर मी पुष्कळ विचार केला आहे. सुनेला मी काही बोलले नाही, बोलणारही नाही. तिचा ग्लास तिचा आहे, तो तिनं स्वतःच्या पगारातून घेतला आहे आणि तो घेऊन ती कुणाला मारत नाही. फक्त ‘ज्यूसच आहे’ हे वाक्य मला नको वाटतं. विधवा क्लिकोनं कधी म्हटलं नाही की हे सरबत आहे. दारू आहे म्हणा, थोडी आहे म्हणा, मला आवडते म्हणा. दोन ग्लासांनंतर गाडी कोण चालवणार हा प्रश्न त्याशिवाय कुणाला सुचतच नाही. त्या दिवशी तो मीच विचारला आणि कोल्हापूरच्या सासूबाईंच्या सुनेनं मुकाट्यानं किल्ली नवऱ्याकडे दिली.

कृती हवी असं दोघी भाच्यांनी कळवलं आहे, म्हणून सुनेनं सांगितली तशी देते. वाइन महागडी नको, रसात तिची चव बुडतेच. पण कोरडी हवी, गोड नको, कारण गोडी रसाची असते. दोन्ही चांगलं गार. रस ताजा काढून गाळून घ्यायचा, चोथा राहिला तर फेस उसळून ग्लासाबाहेर येतो. ग्लास तिरका धरून आधी वाइन निम्म्यापर्यंत, हळू. मग वरून रस. रस जड असल्यानं आपोआप खाली जाऊन मिसळतो, ढवळायचं नाही, ढवळलं की बुडबुडे जातात. एका वेळी एकाच माणसाचा ग्लास भरायचा, जगमध्ये करून ठेवलं तर अर्ध्या तासात नुसतं पाणचट उरतं. बाटलीचं तोंड माणसांकडे कधीही करू नये.

मी स्वतः काय घेते, तर मोसंबीचा रस, त्यात तितकाच गार सोडा आणि चिमूटभर मीठ. मोसंबीचा रस काढून ठेवला तर घटकाभरात कडू होतो, तेव्हा पाहुणे टेबलाशी बसल्यावरच काढावा.